पाकनाम प्रकरण

पाकनाम प्रकरण : मेकाँग नदीच्या डाव्या (पूर्व) तीरावरील वादग्रस्त प्रदेश फ्रान्सने आरमारी धाक घालून सयामकडून (विद्यमान थायलंड) सोडवून घेतला, ती १८९३ मधील घटना. बँकॉकच्या दक्षिणेस सुमारे २५ किमी. वर, चाव फ्राया नदीच्या मुखाशी पाकनाम (समुत प्राकान) हे ठाणे आहे. तेथे १३ जुलै १८९३ रोजी फ्रेंच युद्धनौका व सयामी तोफखाना यांच्यात चकमक झाली. तीवरून या प्रकरणास हे नाव पडले. थाई भाषेत ‘पाकनाम’ याचा अर्थ नदीचे मुख असाच आहे. प्रत्यक्ष चकमक जेमतेम अर्धा तास चालली. परंतु तीन महिन्यांच्या आत सयामला थाई गणनेप्रमाणे सुमारे १,४३,००० चौ. किमी. प्रदेशावरील हक्क सोडावा लागला आणि आजच्या लाओसचा बहुतेक भाग फ्रेंच इंडोचायनात समाविष्ट झाला. त्यानंतरच्या तहांतून निघालेल्या सीमारेषांवरून थायलंड, लाओस व कंबोडिया यांच्यात विसाव्या व एकविसाव्या शतकांतही रक्तपात झाला आहे.

पार्श्वभूमी : हा प्रदेश ‘वादग्रस्त’ का होता, हे कळण्यासाठी त्या भागातील जुनी राज्यपद्धती ध्यानी घ्यावी लागते. मेकाँगच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकापर्यंत नकाशावर रेघ ओढून दाखविता येईल अशी सरहद्द नव्हती. लहान संस्थानिक मोठ्या राजाला खंडणी देत आणि दोन बलाढ्य राजे शेजारी असतील, तर दोघांनाही देत. ल्वांग प्राबांगचे लाओ राज्य बँकॉकला सोन्यारुप्याची झाडे नजराणा म्हणून पाठवी. त्याच राज्याने व्हिएटनामच्या ह्युए दरबाराला आणि चीनच्या सम्राटालाही वेळोवेळी नजराणे पाठविले होते. शियांग ख्वांगच्या फुआन संस्थानाचीही हीच स्थिती होती. खंडणी देणाऱ्याला यात विसंगती वाटत नसे आणि घेणाऱ्यालाही फारशी वाटत नसे. दुहेरी खंडणी म्हणजे दुहेरी संरक्षण, असा त्यामागील हिशेब होता.

सयामचा या भागातील वरचष्मा मात्र केवळ नजराण्यापुरता नव्हता. व्हिएन्त्यानचा राजा आनूवोंग याने केलेला उठाव मोडून १८२७-२८ मध्ये सयामी सैन्याने ते शहर बेचिराख केले व तेथील लोकवस्ती मोठ्या प्रमाणावर मेकाँगच्या उजव्या तीरावर हलविली. डाव्या तीराचा बराच भाग त्यामुळे ओसाड पडला. पुढे फ्रान्सच्या दडपणाखाली सापडलेले सयाम लाओ लोकांच्या दृष्टीने दुबळे राष्ट्र कधीच नव्हते. बँकॉकच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासांत ही गोष्ट सहसा ओझरतीच येते.

फ्रान्सने १८६२ मध्ये कोचीन-चायनात पाय रोवला. १८६३ मध्ये कंबोडिया फ्रेंच संरक्षणाखाली आला. सयामने १८६७ च्या तहाने ही वस्तुस्थिती मान्य केली. मोबदल्यात बात्ताम्बांग आणि सीएम रीप (अंगकोरसह) हे प्रांत त्याच्याकडे राहिले. १८८४ च्या ह्युए तहाने आनाम व तोंकिनवर फ्रेंच संरक्षित सत्ता प्रस्थापित झाली आणि १८८७ मध्ये इंडोचायना संघराज्य अस्तित्वात आले. दुदार द लाग्रे व फ्रान्सिस गार्न्ये यांच्या १८६६–६८ च्या मोहिमेने मेकाँग हा चीनकडे जाणारा जलमार्ग नव्हे, हे सिद्ध केले होते. खोन येथील धबधबे व ठिकठिकाणची खडकाळ पात्रे यांमुळे मोठ्या नौकांना तो बंद होता. असे असूनही मेकाँग फ्रान्सची झाली पाहिजे, ही आकांक्षा ओसरली नाही. व्यापारी हेतू निकालात निघाल्यावर ती राष्ट्रीय प्रतिष्ठेची बाब बनली. ब्रिटनने १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा केल्यावर तर पॅरिसमधील वसाहतवादी गटाला आपण मागे पडत असल्याची धास्ती वाटू लागली.

फ्रान्सचा कायदेशीर युक्तिवाद वरकरणी सरळ होता : मेकाँगच्या डाव्या तीरावर पूर्वापार आनामचे अधिराज्य होते, आनाम आता फ्रान्सच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून ते अधिराज्य फ्रान्सकडे आले आहे. शियांग ख्वांग व आनामच्या डोंगरालगतचे काही मुलूख यांच्यापुरता या म्हणण्याला आधार होता. ल्वांग प्राबांगच्या बाबतीत तो अगदीच कमकुवत होता. जुन्या नजराण्यांवरून अधिराज्य सिद्ध होत असेल, तर चीनचा दावाही तितकाच ग्राह्य धरावा लागला असता. सयामने आपल्या परीने आधुनिक उपाय योजले. त्याने पाहणी खाते स्थापन करून जेम्स मॅकार्थी या इंग्रज अधिकाऱ्याकडून देशाचा नकाशा तयार करविला आणि हो (चिनी) लुटारूंच्या बंदोबस्ताचे निमित्त करून ईशान्येकडे फौजा पाठविल्या व ठाणी बसविली. म्हणजे खंडणीचे जुने, सैल संबंध आवळून त्यांचे प्रादेशिक सार्वभौमत्वात रूपांतर करण्याचा उद्योग दोन्ही पक्षांनी एकाच वेळी आरंभिला होता. थोंगचाय विनिच्चकुल या थाई इतिहासकाराने या मुद्द्यावर विशेष भर दिला आहे. त्याच्या मते सयामने गमावलेला प्रदेश हा सीमा आखली जाण्यापूर्वी त्याचा असा नव्हताच. सीमा आखण्याच्या स्पर्धेत तो हरला, इतकेच.

या स्पर्धेतील फ्रान्सचा मुख्य मोहरा ओग्यूस्त पाव्ही (१८४७–१९२५) हा होता. तारखात्यातील साध्या नोकरीपासून चढत गेलेला हा मनुष्य १८८७ मध्ये उपवाणिज्यदूत म्हणून ल्वांग प्राबांगला दाखल झाला. त्याच वर्षी सयामी फौज परतताच काळ्या झेंडेवाल्या टोळ्यांसह आलेल्या देओ व्हान त्री या सरदाराने शहर लुटले, तेव्हा वृद्ध राजा ऊन खाम याला नदीमार्गे सुखरूप बाहेर काढण्यात पाव्हीचा हात होता. सयाम आपले रक्षण करू शकत नाही, हा धडा राजाला मिळाला आणि पाव्हीने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १८९२ मध्ये त्याची बँकॉकच्या फ्रेंच वकिलातीवर प्रमुख म्हणून नेमणूक झाली. लाओसचे मन जिंकणारा सौम्य प्रवासी, ही त्याची फ्रेंच वाङ्मयातील प्रतिमा सर्वस्वी खोटी नाही. परंतु बँकॉकमधील त्याची वागणूक निर्वाणीच्या खलित्यांचा वाहक म्हणूनच अधिक लक्षात राहते.

प्रकरणाचा आरंभ : १८९२ मध्ये सयामी अधिकाऱ्यांनी मेकाँगवरून दोन फ्रेंच व्यापाऱ्यांना घालवून दिले. अशा किरकोळ तक्रारींची यादी पॅरिसमध्ये वाढत होती. फेब्रुवारी १८९३ मध्ये फ्रेंच प्रतिनिधिगृहात या विषयावर गरमागरम चर्चा झाली. परराष्ट्रमंत्री झ्यूल देव्हेल हा सावध वृत्तीचा होता. वसाहतखात्याचा उपमंत्री तेओफील देलकासे याचा कल मात्र कारवाईकडे होता आणि ऑगस्टमधील सार्वत्रिक निवडणुका तोंडावर होत्या. मार्चमध्ये ‘ल्यूतँ’ ही गनबोट बँकॉकला येऊन फ्रेंच वकिलातीसमोर नांगर टाकून बसली आणि पाव्हीने डाव्या तीरावरील सर्व सयामी ठाणी उठविण्याची मागणी केली. परराष्ट्रमंत्री प्रिन्स देववोंगसे याने हा प्रश्न लवादाकडे सोपविण्याची तयारी दर्शविली. ती फेटाळण्यात आली. एप्रिलच्या आरंभी तीन फ्रेंच तुकड्या डाव्या तीरावर घुसल्या. स्तुंग त्रेंग विनासायास पडले. खोनजवळ मात्र सयामी सैनिकांनी कॅप्टन तोरो या अधिकाऱ्यास पकडले.

जूनमध्ये खाम्मुआन भागात घडलेला प्रसंग अधिक गंभीर ठरला. तेथील सयामी आयुक्त फ्रा योत मुआंग ख्वांग याला ग्रोगुरँ नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने ठाण्यातून हुसकून लावले व तो पहाऱ्यात त्याच्याबरोबर मेकाँगकडे चालला होता. वाटेत फ्रा योतला सयामी कुमक मिळाली, गोळीबार झाला व त्यात ग्रोगुरँ आणि त्याच्या पहाऱ्यातील अनेक व्हिएटनामी शिपाई ठार झाले. फ्रेंचांनी हा खून ठरविला. पहिली गोळी कोणी झाडली, याविषयी दोन्ही बाजूंच्या साक्षी अखेरपर्यंत परस्परविरुद्धच राहिल्या.

सयामची भिस्त ब्रिटनवर होती. बँकॉकच्या सागरी व्यापाराचा फार मोठा भाग ब्रिटिशांच्या हाती होता आणि ब्रह्मदेश व इंडोचायना यांच्यामध्ये एखादे मधले राज्य असावे, हे ब्रिटिशांचे धोरणही सर्वश्रुत होते. परंतु परराष्ट्रमंत्री लॉर्ड रोझबरी याला चाव फ्रायाचे खोरे महत्त्वाचे वाटे, मेकाँगचा दूरचा तीर नव्हे. त्याने सयामला फ्रान्सशी लवकर जमवून घेण्याचा सल्ला दिला. पॅरिसमध्ये ब्रिटनचा राजदूत होता लॉर्ड डफरिन, म्हणजे भारताचा व्हाइसरॉय असताना ज्याच्या कारकीर्दीत ब्रह्मदेश खालसा झाला तोच. फ्रान्सने सयामचे किती तुकडे पाडावेत याची मर्यादा घालून देण्याचे काम त्याच्याकडे आले, हा योगायोग त्या काळच्या मुत्सद्देगिरीवर पुरेसा प्रकाश टाकतो.

पाकनामची चकमक : बँकॉकमधील युरोपीय लोकांच्या रक्षणासाठी ब्रिटनने गनबोटी पाठविल्याचे निमित्त साधून फ्रान्सने ‘अँकाँस्तां’ व ‘कोमॅत’ या आणखी दोन नौका पाठविण्याचे ठरविले. १८५६ च्या तहानुसार फ्रेंच युद्धनौकांना पाकनामपर्यंत येण्याची मुभा होती. त्यापुढे बँकॉकला जाण्यास सयाम सरकारची संमती आवश्यक होती. ती नाकारण्यात आली. नौकांनी नदीमुखाच्या वाळूच्या बांधाबाहेर थांबावे, असा बदललेला आदेश पॅरिसहून निघाला व तसे ब्रिटनलाही कळविण्यात आले. तो कप्तानापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचला आणि पाळला का गेला नाही, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढे खरे की, नंतर पॅरिसने कप्तानाला दोष दिला नाही. उलट घडलेल्या प्रसंगाचा पुढील मागण्यांसाठी आधार घेतला.

१३ जुलैच्या संध्याकाळी भरतीच्या वेळी ‘जाँ बातीस्त से’ या टपालबोटीच्या मार्गदर्शनाखाली दोन्ही नौका आत शिरल्या. चुलालोंगकोर्न राजाच्या नावाने नुकत्याच बांधलेल्या किल्ल्यावर सहा इंची आर्मस्ट्राँग तोफा होत्या. नदीत अडथळे व सुरुंग होते. संरक्षणाची सूत्रे आंद्रेआस द्यू प्लेसी द रिशल्य या डॅनिश नौदल अधिकाऱ्याकडे होती. तथापि तोफा नव्या व गोलंदाज अननुभवी होते. अंधार पडत चालला होता. टपालबोट निकामी झाली. दोन्ही युद्धनौका मात्र अडथळे ओलांडून रात्री बँकॉकला फ्रेंच वकिलातीसमोर पोहोचल्या. फ्रेंचांचे तीन लोक मेले. सयामी मृतांची संख्या दहाच्या आसपास व जखमींची त्याहून बरीच अधिक होती. राजवाडा तोफांच्या माऱ्यात आला होता. सयामची सारी नवी तटबंदी राजधानी वाचविण्यासाठी उभारली होती आणि ती एका संध्याकाळीच निरुपयोगी ठरली.

२० जुलै रोजी पाव्हीने निर्वाणीचा खलिता दिला. मेकाँगचा डावा तीर व नदीतील बेटे यांवरील आनाम व कंबोडिया यांचे हक्क मान्य करणे, तेथील ठाणी एका महिन्यात उठविणे, गुन्हेगारांना शिक्षा, मृतांच्या कुटुंबीयांना व नुकसान झालेल्या फ्रेंच प्रजाजनांना भरपाई आणि तारण म्हणून ३० लक्ष फ्रँक ताबडतोब जमा करणे, अशा त्यात मागण्या होत्या. रक्कम न भरल्यास बात्ताम्बांग व सीएम रीपचा वसूल फ्रान्सने घ्यावयाचा होता. उत्तरासाठी ४८ तासांची मुदत होती. सयामने आर्थिक मागण्या मान्य केल्या. प्रदेशाच्या बाबतीत मात्र १८° उत्तर अक्षवृत्ताच्या दक्षिणेकडील डावा तीर तेवढा देऊ केला. ल्वांग प्राबांग वाचविण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता. फ्रान्सने हे उत्तर नकार मानले, पाव्ही बँकॉक सोडून गेला व नाकेबंदी जाहीर झाली. तांदळाच्या निर्यातीवर जगणाऱ्या बंदराला नाकेबंदी सोसणारी नव्हती. २९ जुलै रोजी सयामने सर्व अटी बिनशर्त मान्य केल्या.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु मान्यता मिळताच फ्रान्सने ‘हमी’ म्हणून नव्या अटी पुढे केल्या. आग्नेय किनाऱ्यावरील चांथाबुरी बंदराचा लष्करी ताबा, मेकाँगच्या उजव्या तीरावर २५ किमी. रुंदीचा निर्लष्करी पट्टा आणि बात्ताम्बांग व सीएम रीपमध्ये सैन्य न ठेवण्याचे बंधन या त्या अटी होत. वाटाघाटीत पूर्ण शरणागती पत्करल्याने दडपण थांबतेच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे. याच सुमारास नाकेबंदीच्या क्षेत्रातून ब्रिटिश युद्धनौकांना निघून जाण्यास सांगितल्याची वार्ता लंडनला पोहोचली व एक दिवस इंग्लंड-फ्रान्स युद्धाची शक्यता दिसू लागली. वार्ता चुकीची निघाली. ३ ऑगस्टला नाकेबंदी उठली. सयामची बाजू ब्रिटनला एका दिवसापुरतीच युद्धाइतकी मोलाची वाटली आणि तीही सयामसाठी नव्हे.

भरपाईची रक्कम नाण्यांत भरण्यात आली. तिसरा राम (कार. १८२४–५१) याने लाल थैल्यांत साठवून ठेवलेली मेक्सिकन रुप्याची नाणी त्यासाठी बाहेर काढावी लागली, असे थाई परंपरा सांगते. ३ ऑक्टोबर १८९३ रोजी बँकॉकमध्ये प्रिन्स देववोंगसे व फ्रान्सचा विशेष प्रतिनिधी ल मीर द व्हिले यांनी तहावर सह्या केल्या.

फ्रा योतचा खटला : तहातील गुन्हेगारांच्या शिक्षेचे कलम हे या प्रकरणातील सर्वांत अपमानास्पद अंग ठरले. १८९४ मध्ये सयामच्या खास न्यायालयाने फ्रा योत यास निर्दोष ठरविले. आपल्या राजाच्या मुलखात आपले ठाणे राखणाऱ्या अधिकाऱ्याने आक्रमकाशी लढणे हा गुन्हा कसा, हा बचाव पक्षाचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. फ्रान्सने हा निकाल अमान्य केला. तीन फ्रेंच व दोन सयामी न्यायाधीशांचे मिश्र न्यायालय बसले व त्याने वीस वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. १८९८ मध्ये त्याची सुटका झाली व १९०० मध्ये तो मरण पावला. थायलंडमध्ये त्याची गणना राष्ट्रवीरांत होते.

परिणाम : चुलालोंगकोर्न राजाने (कार. १८६८–१९१०) या आघाताने अंथरूण धरले. त्या आजारात त्याने निराशेने भरलेली पद्ये रचली व प्रिन्स दामरोंगने त्यांना धीर देणारी पद्ये उत्तरादाखल लिहिली. ती थाई वाङ्मयात प्रसिद्ध आहेत. तरुणपणी, १८७२ च्या आरंभी, या राजाने कलकत्ता, दिल्ली, आग्रा, मुंबई इ. शहरे पाहिली होती. परकीय सत्तेखाली गेलेल्या देशाचा कारभार कसा चालतो, हे त्याने स्वतः पाहिले होते. १८९३ नंतर मांडलिक संस्थानांवर विसंबण्याचे जुने धोरण सयामने टाकून दिले. दामरोंगच्या गृहखात्याने सर्व देश ‘मोन्थोन’ नामक विभागांत बांधून तेथे पगारी अधिकारी नेमले. बँकॉक ते कोराट लोहमार्ग १९०० मध्ये पुरा झाला. गुस्ताव्ह रोलँ-याकमिन्स या बेल्जियन कायदेपंडिताच्या सल्ल्याने न्यायव्यवस्था सुधारण्यात आली. उजव्या तीरावरील लाओ सरदारांची सत्ता याच सुधारणांनी संपुष्टात आली. लाओ भाषिकांची बहुसंख्या सयामकडेच राहिली होती, ही गोष्टही येथे नोंदविली पाहिजे.

ब्रिटन व फ्रान्स यांनी १५ जानेवारी १८९६ च्या घोषणेने चाव फ्रायाच्या खोऱ्याची हमी दिली. ही हमी सयामच्या स्वातंत्र्याचा आधार म्हणून सांगितली जाते. परंतु खोऱ्याबाहेरचा मुलूख तिने मुद्दामच वगळला होता. त्याचा प्रत्यय लवकरच आला. १३ फेब्रुवारी १९०४ च्या तहाने ल्वांग प्राबांगसमोरील उजवा तीर व चांपासाक फ्रान्सला मिळाले. चांथाबुरी सोडताना फ्रेंचांनी त्रात घेतले. २३ मार्च १९०७ च्या तहाने बात्ताम्बांग, सीएम रीप व सिसोफोन देऊन सयामने त्रात परत मिळविले. याच तहाने सयामला फ्रान्सच्या आशियाई आश्रितांवर काही अटींवर न्यायदानाचा अधिकार मिळाला. हा लाभ क्षुल्लक नव्हता. बँकॉकमधील अनेक लाओ, ख्मेर व चिनी रहिवासी फ्रेंच वकिलातीत नाव नोंदवून सयामी कायद्याच्या बाहेर जात असत. १९०९ मध्ये केडा, पेर्लिस, केलांतान व त्रेंगानू यांवरील हक्क ब्रिटनला देण्यात आले.

फ्रान्सचा १९४० मध्ये पराभव होताच थायलंडने हे प्रदेश परत मागितले. जपानच्या मध्यस्थीने १९४१ मध्ये त्यांतील काही त्याला मिळालेही. १९४६ मध्ये ते परत करावे लागले. १९०४ च्या तहात पाणलोटाची रेषा ही सीमा ठरली असता फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात प्रेआ व्हिहीआरचे प्राचीन शिवमंदिर कंबोडियात दाखविले गेले. सयामने त्या नकाशावर वेळीच हरकत घेतली नाही, या मुख्य आधारावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ जून १९६२ रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचे ठरविले आणि २०१३ मध्ये त्या निकालाचा अर्थ अधिक स्पष्ट केला. १९०७ च्या तहाच्या नकाशावरून थायलंड व लाओस यांच्यात डिसेंबर १९८७ ते फेब्रुवारी १९८८ या काळात रोम क्लाव गावापाशी लढाई झाली. थायलंड-कंबोडिया सीमेवर जुलै २०२५ मध्ये पाच दिवस तोफा व विमाने यांचा वापर झाला व २८ जुलै रोजी मलेशियात युद्धबंदी ठरली. त्या वादातही कंबोडियाने फ्रेंचकालीन नकाशांचा व थायलंडने पाणलोटाच्या रेषेचा आधार घेतला होता.